मदत हवी आहे: बालीतला एक अख्खा दिवस बेडुगुलच्या बॉटनिकल गार्डनला द्यावा का?

सदाफुली_कोथरूड

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये बालीला जातोय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी आई. बाकी सगळं ठरलंय, घोडं अडलंय एका दिवसावर. आईला बेडुगुलचं बॉटनिकल गार्डन बघायचंय. समुद्र काय, अलिबागलाही आहे, असं तिचं म्हणणं. नवरा म्हणतो, झाडं बघायला विमानाने कोण जातं, एम्प्रेस गार्डन आहे की!

आईचं कारण बेगोनिया. बाल्कनीत शेडनेट लावलं, कुंड्यांखाली पाण्याच्या थाळ्या ठेवल्या, तरी एप्रिल आला की पानांच्या कडा करपतात आणि एकेक फांदी मऊ पडून मान टाकते. बेडुगुलला बेगोनियाचा मोठा संग्रह आहे असं तिने वाचलं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

मुक्काम उबुदला आहे, तिथून जाऊन-येऊन होईल ना? आईचे गुडघे कुरकुरतात, चालणं किती पडेल? मुलं (अकरा आणि सात) कंटाळली तर? आणि एक नाजूक प्रश्न: आईने झिपच्या पिशव्या आणि ओला स्पंज बॅगेत भरायला काढलाय. एखादं कटिंग आणलं तर चालतं का? उत्तराचा अंदाज आहे, पण ते मी सोडून कुणीतरी तिला सांगा.

घाटवाट

जा, बिनधास्त जा. यजमानांना सांगा, एम्प्रेस गार्डन ३९ एकरांचं, हे १५७.५ हेक्टरांचं, म्हणजे जवळजवळ दहापट. १९५९ पासून आहे.

उंची १२५० ते १४५० मीटर, थोडक्यात महाबळेश्वर. पण आपल्याकडे चार महिने कोसळून झालं की हवा कोरडी पडते. बेडुगुल विषुववृत्ताच्या जेमतेम आठ अंश दक्षिणेला, शेजारी ब्रातान तळं, त्यामुळे उन्हाळा असा नाहीच. हवा बाराही महिने गार आणि दमट. बेगोनियाला नेमकं हेच हवं असतं. तुमच्या आईंचा हात चांगलाच असणार, पुण्याचा एप्रिल वाईट.

बेगोनियाच्या विभागात घाई करू नका. प्रत्येक पान देठापाशी वाकडं असतं, एक बाजू मोठी, एक लहान, दोन्ही बाजू जुळलेलं पान सहसा सापडत नाही. नर आणि मादी फुलं वेगळी, पण बहुतेकदा एकाच झाडावर. मादी फूल ओळखायचं तर पाकळ्यांच्या मागे बघा, बहुतेक जातींत तिथे तीन पंखांचा बीजकोश दिसतो. बी धुळीसारखं बारीक. आईंना भिंग घ्यायला सांगा, स्पंजपेक्षा उपयोगी पडेल.

निवडुंग आणि ऑर्किड वेळ उरला तरच. झाडासारखे उंच वाढणारे नेचे मात्र चुकवू नका, आणि पूजेच्या वनस्पतींचा विभागही. पांगारा, सुपारी, सोनचाफा ही आपलीच मंडळी तिथल्या देवकार्यात भेटतात.

उबुदहून दीड-दोन तास धरा, रस्ता अरुंद आणि वळणांचा. सकाळी लवकर पोचा, दुपारी धुकं उतरतं. आईंना स्वेटर. आत डांबरी रस्ते आहेत पण चढउतार आहेच, तेव्हा गाडी आत सोडतात का ते ड्रायव्हरला आदल्या दिवशी विचारायला लावा. मुलांसाठी आतच झाडांवरच्या दोऱ्या-पुलांचं पार्क आहे. शिवाय वानरसेनेशी लढणाऱ्या कुंभकर्णाचा भला मोठा पुतळा! पोरं तिथून हलणार नाहीत.

पावशेर

कटिंगचं मी सांगतो, वाईटपणा माझ्याकडे. बागेतलं पान तोडणं तर सोडाच, बाहेर नर्सरीत विकत घेतलेलं रोपही असंच आणता येत नाही. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार रोप, कटिंग, बी, काहीही आणायचं तर आपल्याकडचा आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मातीतून आणि पानांतून बुरशी, सूत्रकृमी येतात, म्हणून ही कटकट. विमानतळावर काढून घेतील.

सह्याद्रीतही बेगोनिया आहे हे काकूंना माहीत आहे का? बेगोनिया क्रेनाटा. पावसाळ्यात घाटात ओल्या कातळाच्या खाचेत फिकट गुलाबी फुलतो. पाऊस सरला की वरचं सगळं वाळतं आणि गड्डा झोपून राहतो. बालीहून आलात की लगेच घाटात न्या त्यांना. उपटू मात्र देऊ नका.

सदाफुली_कोथरूड

दोघांचेही आभार. आईला वाचून दाखवलं. क्रेनाटा तिने पाहिलाय म्हणे, लोणावळ्याला, नाव माहीत नव्हतं. पावशेर यांच्यावर ती जरा रागावली आहे. नवरा कुंभकर्णासाठी तयार झाला.

आता शेवटचं. आई कट्टर शाकाहारी. तिकडे भाजीतही मासळी घालतात असं ऐकलंय, ते कसं टाळायचं?

घाटवाट

मासळीपेक्षा 'तेरासी' जपा. कोळंबीचं आंबवलेलं वाटण, सांबाल चटणीत हमखास असतं आणि दिसत नाही. 'तानपा तेरासी, तानपा इकान' म्हणा, म्हणजे तेरासी नको, मासे नकोत. गाडो-गाडो मागवा, उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा रस्सा. त्यातही तेरासी असू शकते आणि वर अंडं येतं, तेही आधीच सांगा. आणि डबाभर दशम्या-चटणी बरोबर ठेवा.