शाळेच्या भिंतीवर कोणती सालं लिहायची?

वहिनी: सगळ्यांना नमस्कार. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर आपल्या भागाचा इतिहास सालांसकट रंगवायचा आहे. जागा सात-आठ ओळींचीच. काय घ्यावं ते सांगा, सोमवारी पेंटर येतो.

काका अमरावती: शकुंतला गाडी टाक. यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर. वऱ्हाडातला कापूस या छोट्या रुळावरून मुर्तिजापूरले जाये, तिथून मुंबईले. आता बंद पडली, पोरांनी पाहिलीही नाही.

मोठे बाबा: गाडी लिहा, पण आधी १९२७ लिहा. त्या साली पंजाबराव देशमुखांनी अमरावतीच्या अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांले खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह उभा केला. त्याच नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीत अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष होते. दार कोणासाठी बंद होतं, हे पोरांले कळलं पाहिजे. मग १९३२, पंजाबरावांचीच शिवाजी शिक्षण संस्था. त्याच्यामुळं खेड्यातल्या कास्तकाराचं पोरगं मॅट्रिकपर्यंत गेलं. आपल्या घरातला पहिला मॅट्रिक तिथलाच.

दादा पुणे: ‘चले जाव’चं १९४२ राहिलं. बेनोडा आपल्याच बाजूचं, गावाच्या नावात आजही ‘शहीद’ आहे.

काका अमरावती: बरोबर. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. आष्टी आणि चिमूर एकाच दिवशी पेटले. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी माणसं उठली होती, महाराजांनाही तेव्हा अटक झाली. त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम १९३५ साली उभं केलं होतं, तेही लिही.

काकू: गाडगेबाबा कसे विसरता? २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ पेढी नदीपाशी गेले.

मोठे बाबा: गेल्याची तारीख कायले? ऋणमोचनच्या यात्रेत हातात खराटा घेऊन घाट झाडला, लोकांसाठी घाट बांधला, ते लिहा. माणूस कधी मेला यापेक्षा काय करून गेला ते भिंतीवर पाहिजे.

काकू: पटलं.

आत्या मोर्शी: सगळं वाचलं. एक विचारू? तुमच्या यादीत बाई कुठं आहे? रिद्धपूर आपल्या तालुक्यात, घरापासून किती लांब! महदंबा तिथलीच म्हणा ना. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू, त्यांच्या लग्नसोहळ्यात तिनं धवळे रचले, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. रुक्मिणी आपल्या कौंडिण्यपूरची. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री आहे ती, आणि काळ तेराव्या शतकाचा. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र रिद्धपूरलाच सुमारे १२७८ मध्ये लिहिलं, मराठीतला आद्य गद्यग्रंथ. महानुभाव पंथ काढणाऱ्या चक्रधरस्वामींनी बायकांना, शूद्रांना धर्माची वाट मोकळी केली म्हणून तर महदंबेसारखी बाई पुढं आली. मोठे बाबा, तुमच्या १९२७ च्या साडेसहाशे वर्षं आधी.

मोठे बाबा: हे मी जोडून पाहिलंच नव्हतं. खरं सांगतेस.

वहिनी: मग हाच धागा धरू. कोणासाठी काय खुलं झालं ते साल घ्यायचं. आत्या, आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आलं आहे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. दोन्ही एका ओळीत बसतील.

दादा पुणे: १ मे १९६० नको का?

वहिनी: ते पुस्तकात आहेच. त्याऐवजी १ मे १९६२, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपली शाळा जिल्हा परिषदेचीच.

आत्या मोर्शी: आणि १९९३ ची ७३ वी घटनादुरुस्ती, पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी. त्यानंतर आपल्या गावात बाई सरपंच झाली. तिचं साल ग्रामपंचायतीच्या दफ्तरात बघ, अंदाजानं लिहू नको.

वहिनी: उद्याच ग्रामसेवकांना विचारते. शकुंतलेची ओळ ठेवते काका, तिचं चित्रही काढून घेऊ.

मोठे बाबा: महदंबेची ओळ सगळ्यांत खाली घ्या, पहिलीच्या पोरींच्या डोळ्यासमोर. आन अक्षर मोठं काढायला सांग.

काका अमरावती: रंगाचे पैसे माझ्याकडं.