ऑक्सिजन नसताना तेलाचा मिथेन होतो म्हणजे नक्की काय होतं?

गाळवेडा:
नमस्कार मंडळी. जमिनीत मुरलेल्या डिझेलचं किंवा खोल साठ्यातल्या कच्च्या तेलाचं सूक्ष्मजीव मिथेन करतात असं वाचलं, तेही ऑक्सिजन अजिबात नसताना. हवेत जीवाणू तेल खातात ते समजतं, पण हवाच नाही तर सुरुवात कुठून करतात? तेलात जवळजवळ सगळे कार्बन आणि हायड्रोजनच, दुसरं फारसं काही नाही. आणि हे सगळं एकटा एकच जीव करतो का? जरा सविस्तर सांगा कोणीतरी, परीक्षेपुरतं उत्तर नकोय.

आर्कियाप्रेमी:
पहिलं पाऊलच सगळ्यात अवघड असतं, तुम्ही बरोबर तिथेच अडलात. कार्बन-हायड्रोजनचा बंध फार चिवट. ऑक्सिजन असला की एन्झाइम त्याचा अणू थेट रेणूला जोडतं आणि काम सुरू होतं. तो नसला की बरेच जीवाणू फ्युमरेट वापरतात, हा छोटा रेणू त्यांच्या पेशीत असतोच, तो टोल्युइनला (तेलातला एक वलयाकार रेणू) जोडला की बेंझिलसक्सिनेट होतं आणि अल्केनला (कार्बनच्या साखळीचा रेणू) जोडला की अल्किलसक्सिनेट. एकदा हे झालं की पुढे फॅटी ॲसिड तोडतात तशीच साखळी दोन-दोन कार्बननी कापत जायची, त्यातून ॲसिटेट आणि हायड्रोजन बाहेर पडतात.

पण हे करणारा जीवाणू, म्हणजे स्मिथेला किंवा सिंट्रोफसच्या कुळातला, मिथेन करतच नाही! मिथेन करतात आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखेच पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव. काही ॲसिटेट फोडून करतात, काही हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन. आणि त्यांच्यावाचून या जीवाणूचं पानही हलत नाही, कारण हायड्रोजन साचला तर तेल फोडण्यातून त्याला ऊर्जा मिळणंच बंद होतं. आर्कियांनी हायड्रोजन सतत संपवत राहायचं, तरच गणित जमतं. मला स्वतःला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो, एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचं अन्न आणि तो दुसऱ्याने खाल्ला नाही तर पहिलाही उपाशी.

हिशोब बघा: हेक्साडेकेनचे (१६ कार्बनचा अल्केन) ४ रेणू आणि पाण्याचे ३० रेणू, त्यातून मिथेनचे ४९ आणि कार्बन डायऑक्साइडचे १५. म्हणजे कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आला पाण्यातून. म्हणूनच साठ्यात हे काम जास्त करून तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या पट्ट्यात चालतं.

खडक_आणि_तेल:
वरच्या उत्तरात थोडी भर. हेक्साडेकेनपासून मिथेन होतो हे १९९९ साली झेंगलर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं, त्याआधी बहुतेकांना हे शक्यच वाटत नव्हतं. एकटा जीव करतो का, याचं उत्तर २०२२ पर्यंत "नाही" असंच होतं. मग चीनमधल्या शेंगली तेलक्षेत्राच्या नमुन्यांतून मिथॅनोलिपारम नावाच्या आर्कियाचं काम समोर आलं. हा लांब साखळीचे अल्केन एकटाच फोडतो आणि मिथेनही स्वतःच करतो, जोडीदार लागत नाही. फ्युमरेटची वाटही तो धरत नाही, मिथेन बनवणाऱ्या एन्झाइमचाच एक भाऊबंद त्याच्याकडे असतो आणि तो अल्केनला पकडतो.

जगातलं बरंचसं जड तेल याच कुरतडण्यातून तयार झालंय. सूक्ष्मजीव आधी सरळ साखळीचे अल्केन संपवतात, मागे उरतं ते घट्ट आणि चिकट, कॅनडातल्या अथाबास्कासारखं. साठ्याचं तापमान साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मात्र हे थांबतं, त्यामुळे खोल गरम साठ्यातलं तेल चांगलं राहतं.

गाळवेडा:
वा, पाण्याचा ऑक्सिजन डोक्यातच आला नव्हता! मग जमिनीत तेल सांडलं तर त्याचं त्यालाच संपू द्यायचं का? साफसफाई करायचीच नाही?

भूजलवाली:
नाही हो, असं अजिबात करू नका. एक तर क्रम असतो. आधी ऑक्सिजन संपतो, मग त्याच्या जागी सूक्ष्मजीव वापरतात ते नायट्रेट, लोह, सल्फेट, आणि हे सगळं आटलं की मिथेनची पाळी. सल्फेट भरपूर असेल तर सल्फेटवर जगणारे जीवाणू हायड्रोजन पळवतात आणि मिथेनवाले मागे पडतात. दुसरं म्हणजे वेग, प्रयोगशाळेतसुद्धा महिने-वर्षं जातात आणि साठ्यात तर लाखो वर्षांचा मामला.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजीजवळ १९७९ मध्ये पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंचसं काढलं, तरी लाखो लिटर मातीत राहिलं आणि १९८३ पासून तिथे भूजलावर संशोधन चालू आहे. तेलाच्या आसपास ऑक्सिजन नाही, मिथेन सापडतो, म्हणजे सूक्ष्मजीव कामाला लागलेले आहेत, आणि तरीही इतक्या वर्षांनी तेल अजून तिथे आहेच. अशा कामाला साफसफाईची मदत म्हणून बघावं, तिच्याऐवजी नाही.

आणि मिथेन स्वतः ज्वालाग्राही वायू आहे. जुन्या गळतीच्या जागेवर बांधकाम असेल तर मातीतला वायू मोजल्याशिवाय तळघरात उतरू नये, तो बंदिस्त जागेत साचतो. तेलातलं विषारी बेंझीन घटतंय ना एवढं पाहून भागत नाही, वायूचंही मोजमाप सोबत हवंच.

आर्कियाप्रेमी:
ताईंचं अगदी बरोबर. शिवाय बेंझीनची गोष्ट वेगळीच, ऑक्सिजनशिवाय ते टोल्युइनपेक्षा कितीतरी हळू फुटतं, त्यामुळे मिथेन दिसला म्हणजे विषारी भाग गेला असं धरू नका.