मदत हवी आहे : धडगाव तालुक्यातील रुग्णासाठी दूरस्थ मानसोपचार

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात राहणाऱ्या माझ्या काकांना बायपोलर आजार (मनःस्थिती कधी अति उत्तेजित, तर कधी अति खिन्न होण्याचा मानसिक आजार) असून ते त्यावर लिथियम हे औषध घेतात. हे औषध सुरू असताना रक्तातील त्याचे प्रमाण, तसेच मूत्रपिंड व थायरॉइड यांचे कार्य ठरावीक काळाने तपासावे लागते, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी घाट उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे त्यांना आता झेपत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर समुपदेशन मिळते, ही मोठीच सोय आहे. परंतु आम्हाला एकाच डॉक्टरांकडून सातत्याने पाठपुरावा हवा आहे.

आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेद्वारे मानसोपचारतज्ज्ञांचा नियमित सल्ला कोणी घेतला आहे का? रक्ताचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन अहवाल त्याच डॉक्टरांपर्यंत पोहोचवता येतो का?

आणखी एक अडचण अशी, की मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर मिळते आणि तेथे सतत माणसे असतात. त्यामुळे काका डॉक्टरांशी फक्त झोपेबद्दल बोलतात आणि मनातले सांगायचे टाळतात. रुग्णाला एकांत मिळणे हा उपचाराचाच भाग आहे, असे मला मनापासून वाटते. अशा दुर्गम गावात कोणी ही घडी बसवली असल्यास कृपया सविस्तर कळवावे.