झू मधले चित्ते माळावर सोडता येतील का?

माळकरी_सोलापूर:
नमस्कार मंडळी. रविवारी पोरीला घेऊन नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलतो, काळवीट भरपूर दिसले, माळढोक काय दिसला नाही. येताना गाडीवर मागं बसून विचारायली, बाबा पूर्वी आपल्याकडं चित्ते होते ना, मग झू मधले आणून इथं का सोडत नाहीत? मला काय नीट सांगता आलं नाही. कुणी सांगेल का?

रानवाट:
होते की! कोल्हापूर संस्थानात तर चित्तेवान चित्त्याला घेऊन काळविटाच्या शिकारीला जायचे. पण दादा, झू मधला चित्ता सोडणं लई अवघड. आई पिल्लांना दीड वर्षभर सोबत घेऊन शिकार शिकवते, पिंजऱ्यात ते कोण शिकवणार, आणि त्याला माणसाची भीतीच राहत नाही. मध्य प्रदेशातल्या कुनो अभयारण्यात २०२२-२३ ला आफ्रिकेतून पहिले २० आले त्यात झू मधला एकही नव्हता.
मुळात पिंजऱ्यात पिल्लंच होत नव्हती ओ! अकबराकडं एवढे चित्ते, पण पिल्लं एकदाच झाल्याची नोंद जहांगीरनं केलीय, त्यानंतर थेट १९५६ ला फिलाडेल्फियाच्या झू मध्ये. नर मादी कायम शेजारी ठेवले की जमत नाही, लांब ठेवून वेळ बघून एकत्र आणावे लागतात.

झू_प्रेमी:
मग झू बंद करायचे का? मला पटत नाही. आजार, औषधं, वीर्य गोठवून ठेवणं हे सगळं तिथंच शिकलेत, २०२० ला कोलंबसच्या झू मध्ये टेस्ट ट्यूबची दोन पिल्लं झाली. चित्ते सगळे एकमेकांच्या रक्ताचेच असल्यासारखे आहेत, म्हणून कुणाची जोडी कुणाशी लावायची याची वंशावळ ठेवतात. इराणमध्ये आशियाई चित्ते मोजकेच उरल्यावर २०२२ ला पिंजऱ्यात तीन पिल्लं झाली, एकही जगलं नाही. हे काम आधी, बऱ्यापैकी प्राणी हातात असतानाच करायला पाहिजे.

रानवाट:
बंद करा म्हणलो नाही मी. पण सोडायला माळ कुठाय? जैसलमेरकडं रानातली अंडी आणून माळढोकाची पिल्लं वाढवायलेत, चांगलंच आहे, पण इथं गवताच्या माळाला आपण पडीक रान म्हणतो आणि झाडं लावतो नायतर प्लॉट पाडतो. गवत गेलं की काळवीट गेलं, लांडगा गेला, मग चित्ता आणून खाणार काय?

माळकरी_सोलापूर:
धन्यवाद दोघांना, रात्री पोरीला वाचून दाखवतो. बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी मोजतात ना, मचाणावर लहान पोरांना घेतात का? ती आत्तापासून मागं लागलीय.