पत्नीच्या हमीवरचा कितास असताना बालीत नोकरी करता येते का? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठ
नमस्कार. मी देन्पासार येथे राहतो, पत्नी इथलीच आहे आणि माझ्याकडे कितास, म्हणजे ठराविक मुदतीपुरता राहण्याचा परवाना, आहे. सानूरच्या एका उपाहारगृहाने मला मुख्य आचारी म्हणून बोलावले असून सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. मालक म्हणतात की इंडोनेशियन व्यक्तीशी विवाह झालेल्या परदेशी माणसाला कायद्यानेच काम करण्याची मुभा आहे, त्यामुळे वेगळा परवाना लागत नाही. माझे कागद करून देणारा एजंट मात्र "अजिबात नाही" एवढेच सांगतो आणि कारण विचारले की फोन ठेवतो. दोघांपैकी बरोबर कोण, एवढेच मला हवे आहे.

सात महिने झाले, मी सासूबाईंच्या वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत, मागच्या बाजूला बसून कांदा-लसूण सोलतो. पहाटे पाचला त्या दारात फुलांची चानांग, म्हणजे पूजेची छोटी परडी, ठेवतात, पाठोपाठ गिऱ्हाईक येऊ लागते, आणि भाताचे ताट वाढून माझ्या हातात तयार असते, तरी ते पुढे नेऊन द्यावे की देऊ नये हे मला ठरवता येत नाही, कारण तेवढ्यालाही कोणी "काम" म्हणेल अशी धास्ती वाटते. पुण्यात अकरा वर्षे मी हॉटेलांच्या भटारखान्यात काढली आहेत. कृपया लवकर सांगावे.

परसबाग
कितास अनेक प्रकारचे असतात. तुमचा कोणत्या प्रकारचा आहे आणि हमीदार कोण आहे? विवाह कुठे झाला, कधी झाला? आणि ते उपाहारगृह कंपनीचे आहे की एका माणसाच्या नावावर चालते?

कृष्णाकाठ
हमीदार पत्नीच आहे, प्रकार ई ३१ ए. बाकीच्या गोष्टींचा नोकरीशी काय संबंध, हे मला समजले नाही. मला फक्त हो किंवा नाही एवढेच हवे आहे.

जाकार्तावासी
मी नऊ वर्षे जाकार्तात नोकरी करतो आहे आणि अनुभवाने सांगतो की पत्नीच्या हमीवरचा कितास सोडून द्या आणि नोकरीचा कितास घ्या. कंपनी कामगार मंत्रालयाकडून आरपीटीकेए, म्हणजे परदेशी मनुष्यबळाचा आराखडा, मंजूर करून घेते, तुमच्यासाठी दरमहा १०० अमेरिकी डॉलर सरकारकडे भरते, आणि मग कोणी विचारत नाही. मार्ग सरळ आहे.

सुराबायाची सून
जाकार्तावासी, तुमच्यासाठी तो मार्ग सरळ असेल, कारण तुमचे कुटुंब तुमच्या नोकरीबरोबर तिथे आले आहे. कृष्णाकाठ यांचे कुटुंब तिथलेच आहे. नोकरीच्या कितासचा हमीदार मालक असतो. उद्या मालकाशी पटले नाही किंवा उपाहारगृह बंद पडले, तर नोकरीबरोबर राहण्याचा आधारही जातो आणि बायकोच्या गावात नवऱ्याला पाहुणा व्हावे लागते. माझे सासर सुराबायाचे, मी मूळची साताऱ्याची. पतीच्या हमीवरचा कागद मी एकदाही हातचा सोडला नाही. आरपीटीकेए मालकाने करावा आणि राहण्याचा परवाना पत्नीच्या हमीवर तसाच ठेवावा, असे करणारी दोन कुटुंबे माझ्या परिचयाची आहेत.

जाकार्तावासी
पत्नीच्या हमीवर राहणाऱ्या माणसाचा आरपीटीकेए करायला कंपन्या कुरकुर करतात, हाही माझाच अनुभव आहे.

कलमवाचक
दोघांचे म्हणणे आपापल्या जागी ठीक आहे, पण मूळ प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही. मालक ज्या कायद्याचा हवाला देत आहेत, तो २०११ चा सहाव्या क्रमांकाचा इमिग्रेशन कायदा. त्याच्या कलम ६१ प्रमाणे इंडोनेशियन नागरिकाशी विवाह झालेल्या कितासधारकाला आणि कितापधारकाला (किताप म्हणजे कायम राहण्याचा परवाना) स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा भागवण्यासाठी काम किंवा व्यवसाय करता येतो. म्हणजे मालक खोटे बोलत नाहीत. परंतु हे कलम तुमच्याशी बोलते, मालकाशी बोलत नाही. मालकाशी बोलतो तो २००३ चा तेराव्या क्रमांकाचा मनुष्यबळ कायदा. परदेशी माणसाला नोकरीवर ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे मंजूर आरपीटीकेए असावा, असे त्याचे कलम ४२ सांगते, आणि "विवाह झालेला परदेशी" म्हणून त्यात सवलत नाही. त्याच कलमाप्रमाणे कंपनी किंवा संस्था नसलेल्या एकट्या माणसाला परदेशी व्यक्तीला नोकरीवर ठेवताच येत नाही. परसबाग यांनी उपाहारगृह कोणाच्या नावावर आहे हे विचारले, त्याचा संबंध इथे येतो.

धोकाही सांगून ठेवतो. राहण्याच्या परवान्याचा गैरवापर ठरला, तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम १२२ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० कोटी रुपियापर्यंत दंड होऊ शकतो, आणि खटला न चालवताही देशाबाहेर पाठवता येते. मालकाच्या शब्दावर हे ओझे तुम्ही उचलू नये.

नर्मदाकिनारी
एवढ्या खटपटीपेक्षा इंडोनेशियाचे नागरिकत्वच का घेऊ नये? २००६ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे विवाह झालेल्या परदेशी व्यक्तीला सलग पाच वर्षे किंवा खंडित दहा वर्षे तिथे राहिल्यावर तसे निवेदन करता येते.

परसबाग
त्यांनी नागरिकत्वाबद्दल विचारलेले नाही. शिवाय दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते, आणि इंडोनेशियाही प्रौढ माणसाला दुहेरी नागरिकत्व देत नाही. गावी आईवडील आणि शेती असलेल्या माणसाला हे सहज सुचवू नये.

देशस्थ_परदेशी
विवाहाला दोन वर्षे झाल्यावर पत्नीला ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, कार्ड मिळू शकते. दोघांनी पुण्यास यावे. इथे अनुभवी आचाऱ्याला काम कमी नाही.

कृष्णाकाठ
पुण्यास परत यायचे असते तर मी हा प्रश्न विचारला नसता. सासूबाई एकट्या आहेत, पत्नी एकुलती एक आहे, आणि आमची मुलगी आठ महिन्यांची आहे.

कलमवाचक, मनापासून आभार. मी मालकांना आत्ताच फोन केला. उपाहारगृह कंपनीचे नाही, त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. आरपीटीकेएचे नाव काढताच ते म्हणाले की इथे सगळे असेच चालते. मी त्यांना नकार कळवला आहे. सुरुवातीला परसबाग यांना तुटकपणे उत्तर दिले, त्याबद्दल क्षमस्व. विवाह सांगलीला, विशेष विवाह कायद्याखाली झाला. प्रमाणपत्रावर दिल्लीचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण, घेतले, शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घेतले आणि इथल्या चातातान सिपिलमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयात, नोंदही केली. येत्या डिसेंबरात दोन वर्षे पूर्ण होतील.

सुराबायाची सून
दादा, हे तुम्ही पहिल्याच ओळीत सांगायला हवे होते! विवाहाला दोन वर्षे पूर्ण झाली की तुम्हाला कितापसाठी अर्ज करता येतो. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ६० मध्ये तसे स्पष्ट आहे, फक्त पर्न्याताआन इन्तेग्रासी नावाच्या निवेदनावर सही करावी लागते. किताप पाच वर्षांचा असतो आणि पुढे मुदतीच्या बंधनाशिवाय वाढवून मिळतो. कितापवर केटीपी, म्हणजे इथले ओळखपत्रही निघते. मला केटीपी मिळाले त्या दिवशी बँकेत स्वतःच्या नावाने रांगेत उभी राहिले आणि घरी येऊन आईला फोन केला, एवढा मोकळा श्वास त्याने मिळाला. मात्र कितापमुळे दुसऱ्याकडे नोकरी करताना आरपीटीकेए लागत नाही, असा अर्थ काढू नका. तो नियम तसाच राहतो.

मी घरी मुलांना इंग्रजी शिकवते. शिकवणीची नोंदणी पतीच्या नावावर आहे, माझा कर नियमित भरला जातो आणि शेजारपाजाऱ्यांना सगळे माहीत आहे. तुमच्या वारुंगची नोंदणी कोणाच्या नावावर आहे? पत्नीच्या नावाने एनआयबी, म्हणजे व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, काढला आहे का?

कलमवाचक
इथे एक शंका नोंदवतो. व्यवसाय पत्नीच्या नावावर असेल, तर पत्नीही एकटी व्यक्तीच ठरते. मग तिच्याकडे नवऱ्याने काम करणे ही नोकरी नव्हे का?

सुराबायाची सून
नवरा बायकोचा पगारी नोकर नसतो. घरच्या व्यवसायात घरच्यांनी राबावे, कुटुंबाच्या गरजा भागाव्यात, यासाठीच कलम ६१ आहे, अशी माझी समजूत आहे आणि माझ्या घरी आम्ही त्याच आधारावर चाललो आहोत.

कलमवाचक
तुमची समजूत मला पटते, पण शिक्का अधिकाऱ्याच्या हातात असतो. कृष्णाकाठ, तुम्ही पत्नीला बरोबर घेऊन इमिग्रासीच्या कार्यालयात जा, कलम ६१ चा उल्लेख करून लेखी विचारणा करा आणि तिची पोच घ्या. बोलणे पत्नीला करू द्या, कारण हमीदार ती आहे.

कृष्णाकाठ
वारुंगची नोंदणी सासूबाईंच्या नावावर आहे. ती पत्नीच्या नावावर करण्यास त्या तयार आहेत. आज संध्याकाळी मी हे सगळे मराठीतून इंडोनेशियन भाषेत उतरवून पत्नीला वाचून दाखवले. कलम ६१ चे मूळ शब्द तिने सासूबाईंना दोनदा वाचून दाखवले. बुधवारी आम्ही दोघे कार्यालयात जातो आहोत. विचारणेचा मसुदा पत्नी लिहीत आहे. उत्तर मिळाले की इथे लिहीन.

मेदानहून
माझी परिस्थिती जवळपास अशीच आहे, फक्त आमच्या विवाहाची नोंद इथल्या चातातान सिपिलमध्ये परत आल्यापासून वर्षाच्या आत झाली नाही. उशिरा नोंद केलेल्या कोणाला कितापसाठी अडवले गेले आहे का? सुराबायाची सून, तुम्हाला यातले काही ठाऊक असेल तर कृपया सांगा.