राज्याच्या बांधकाम संहिता आयोगावर अग्निशमन दलाची जागा असावी का?

प्रश्न

अमेरिकेतील मी राहतो त्या राज्यात इमारती बांधण्याचे नियम (बांधकाम संहिता) ठरवणाऱ्या आयोगावर वास्तुविशारद, अभियंते, कंत्राटदार आणि बांधकाम अधिकारी यांच्या जागा कायद्याने ठरलेल्या आहेत. अग्निशमन दलाची मात्र एकही नाही. अशी एक जागा वाढवण्याचा प्रस्ताव सध्या चर्चेत आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की फायर मार्शलकडे (अग्निसुरक्षेच्या सरकारी अधिकाऱ्याकडे) स्वतंत्र अग्निसंहिता असताना त्यांना बांधकाम संहितेत मत कशाला, शिवाय राष्ट्रीय आदर्श संहिता, म्हणजे राज्यांनी स्वीकारावा असा नियमांचा नमुना, तयार होतानाच अग्निशमन अधिकाऱ्यांनी मतदान केलेले असते. हे आक्षेप मला अगदीच निराधार वाटत नाहीत. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था दर तीन वर्षांनी आदर्श संहिता प्रसिद्ध करते, परंतु तिला कायद्याचे बळ मिळते ते राज्याने ती स्वीकारल्यावर, आणि त्या वेळी कोणते कलम ठेवायचे व कोणते गाळायचे हे राज्यातच ठरते. घरगुती स्प्रिंकलरचे, म्हणजे आग लागताच आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचे पाहा. २००८ साली मिनियापोलिस येथील कौन्सिलच्या बैठकीला अग्निशमन अधिकारी मोठ्या संख्येने उपस्थित राहिले आणि २००९ च्या निवासी संहितेत एक-दोन कुटुंबांच्या नव्या घरांसाठी स्प्रिंकलर आवश्यक ठरले. कॅलिफोर्निया आणि मेरीलँड यांनी ते राज्यभर लागू केले. बहुतेक राज्यांनी मात्र संहिता स्वीकारताना नेमके तेवढेच कलम वगळले. तो निर्णय बरोबर की चूक यावर मतभेद असू शकतात, पण तो घेताना आग विझवणाऱ्यांपैकी एकाचेही मत मोजले जाऊ नये, हे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. अग्निसंहितेचा भर मुख्यत्वे वापरात असलेल्या इमारतीच्या तपासणीवर आणि देखभालीवर असतो. जिने किती असावेत, भिंतींनी किती तास आग रोखावी, हे बांधकाम संहिता ठरवते, आणि इमारत उभी राहिल्यावर ते बदलणे जवळजवळ अशक्य असते.

प्रतिसाद २

मी संरचना अभियंता आहे आणि माझा या प्रस्तावाला पाठिंबा आहे. आमच्या विचारात रहिवासी सुखरूप बाहेर पडणे हा मुख्य टप्पा असतो. जवान मात्र त्याच वेळी आत शिरत असतात. यूएल या सुरक्षा चाचण्या करणाऱ्या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत खालून उघडी असलेली जुन्या पद्धतीच्या भरीव लाकडी वाशांची जमीन सुमारे १८ मिनिटे टिकली, तर हलक्या आय-जॉइस्टची (इंग्रजी I आकाराच्या, कारखान्यात बनवलेल्या लाकडी वाशांची) सुमारे ६ मिनिटांत कोसळली. त्याच आय-जॉइस्टखाली अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड (आग रोखणारा जिप्समचा पत्रा) लावल्यावर ती २६ मिनिटांपर्यंत टिकली. हा प्रश्न आम्हा अभियंत्यांच्या आधी जवानांनी अनुभवला होता, कारण तळघरातील आगीत पायाखालची जमीन त्यांचीच खचत होती. बोर्डाची तरतूद २०१२ च्या निवासी संहितेत आली.

प्रतिसाद ३

जागा देताना ती कोणाला द्यायची हेही कायद्यात स्पष्ट करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आराखडे वाचण्याची सवय नसलेला ज्येष्ठ अधिकारी केवळ मानाने नेमला, तर तांत्रिक चर्चेत त्याला गप्प बसावे लागेल. म्हणून आराखडे तपासण्याचा अनुभव ही अट हवी. त्याचबरोबर तो केवळ मोठ्या शहराच्या दृष्टीने बोलणारा नसावा. सध्या अनेक राज्यांत एकाच जिन्याच्या बहुमजली निवासी इमारतींना परवानगी देण्याची चर्चा चालू आहे आणि त्यासाठी सिएटलचा दाखला दिला जातो, जिथे अशा इमारती सहा मजल्यांपर्यंत चालतात. परंतु सिएटलमध्ये पगारी, पूर्णवेळ दल आहे. अमेरिकेतील बहुसंख्य जवान स्वयंसेवक आहेत. लहान गावात ते घरून किंवा कामावरून निघून केंद्रावर पोहोचतात आणि उंच शिडीची गाडी शेजारच्या गावाहून मागवावी लागते. घरबांधणीचा खर्च कमी व्हावा ही मागणी मलाही रास्त वाटते, मात्र कोणत्या गावाला काय झेपेल हे सांगणारा माणूस मतदानाच्या वेळी उपस्थित असावा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. मसुदा पुन्हा वाचला. त्यात मताधिकार दिलेला आहे, परंतु आराखडे तपासण्याच्या अनुभवाची अट नाही आणि स्वयंसेवक दलांचा उल्लेखही नाही. आयोगाकडे पाठवायच्या लेखी निवेदनात या दोन्ही सुधारणा मी सुचवणार आहे.