जुन्या नाशकात पोलिसांना साथ द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

दहीपूलकर

मेनरोड, दहीपूल, सराफ बाजार, रविवार कारंजा, दूध बाजार. दिवसा पाय ठेवायला जागा नसते आणि शटर पडली की त्याच बोळांत टवाळखोरांचं राज्य. आपण काय करतो? ग्रुपवर व्हिडिओ टाकतो, खाली ‘पोलीस झोपलेत का’ असं लिहितो. ११२ ला फोन मात्र कोणीच करत नाही, कारण दुसऱ्याने केला असेल असं प्रत्येकाला वाटतं.

माझं म्हणणं असं की व्यापारी, वाड्यांतले भाडेकरू आणि मंडळांचे कार्यकर्ते यांनी महिन्यातून एकदा बीट अंमलदारासोबत, म्हणजे आपला भाग सांभाळणाऱ्या पोलिसासोबत, बसावं. ठाण्यात नाही, गल्लीत. काठ्या घेऊन गस्त घाला असं मी म्हणत नाही. कोणता दिवा बंद आहे, कोणत्या पडक्या वाड्याचं दार उघडं राहतं, कोणाचा कॅमेरा रस्त्याकडे आहे आणि कोणाचा नुसता गल्ल्याकडे, एवढं जरी त्यांच्यापर्यंत पोचलं तरी पुष्कळ. पोलीस बदलून जातात. ही माहिती गल्लीपाशीच असते.

यात नवं काही नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे रहिवासी आणि पोलिसांच्या गल्लीनिहाय समित्या, उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ नंतर शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. आपल्याकडेही शांतता समिती आहे, पण ती सणाच्या आधी चहाला भेटते आणि फोटो काढून उठते.

त्यात २०२७ चं सिंहस्थ. २००३ च्या कुंभमेळ्यात सरदार चौकाकडे काय झालं ते जुन्या लोकांना सांगायला नको. अरुंद उतार, एकदम लोटलेली गर्दी, तीसहून जास्त भाविक गेले. तो रस्ता कुठे तुंबतो हे तिथे राहणाऱ्याला बंदोबस्ताला बाहेरून आलेल्या शिपायाआधी कळतं.

शटर_अर्धं

सगळं मान्य. आता पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याला साक्षीदार, व्हायला कोण येणार ते सांगा.

माझ्या मेहुण्याचं दुकान आहे, कुठे ते सोडा. समोर सोनसाखळी ओढली गेली, त्याने आपण होऊन फुटेज दिलं. पोलिसांनी आख्खा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगचं यंत्र, उचलून नेला. नवा घ्यावा लागला. मग समन्स, मग तारीख. दुकान बंद करून कोर्टात जायचं आणि तिथे कळायचं की आज आरोपीचे वकील आले नाहीत. आरोपी मात्र तोवर जामिनावर सुटून रोज त्याच्या दुकानावरून हसत जातो. साथ द्या म्हणणाऱ्यांनी एकदा तरी पंचनाम्यावर सही करून बघावी.

तारीख_पे_तारीख

वकिली करतो म्हणून थोडं लिहितो. डीव्हीआर नेलाच पाहिजे असं नाही. फुटेजची प्रत चालते, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा, लिहायची असते, एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. ही झंझट टाळायला म्हणून यंत्रच उचललं जातं. बैठकीत बोलायचा विषय हा आहे!

अजून एक. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे तपासात साक्षीदार म्हणून महिलेला किंवा साठीच्या वरच्या माणसाला घराबाहेर कुठे हजर राहायला लावता येत नाही, जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं. झटपट तक्रार करायची तर ती ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्यता दिली. किती जणांनी तिचा अर्ज पाहिलाय, हा प्रश्न मलाही विचारू नका.

गोदाकाठची

माझा विरोध वेगळा आहे. ‘संशयित’ कोण, हे तुमच्या बैठकीत कोण ठरवणार?

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. आठवडे बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्या जमावालाही आपण गावाचं रक्षण करतोय असंच वाटत होतं.

आमच्याकडे बुधवारचा बाजार भरतो. पाल ठोकून राहणारी माणसं येतात, भंगार वेचणारी येतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण नजर गेलेली नाही. तुमच्या यादीत पहिलं नाव याच लोकांचं येणार. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो झळकतात त्या भाऊ-दादांचं येणार नाही, कारण ते समितीतच बसलेले असतील.

पंचवटी_एक्सप्रेस

ताई, तो काळ गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाहिलंत ना? कोणत्या पक्षाचा ते न बघता पोलिसांनी गुंड उचलले आणि कॅमेऱ्यासमोर ‘नाशिक जिल्हा कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणायला लावलं. भाईगिरीच्या रील रातोरात गायब. आमच्या कॉलनीतली पोरं घाबरून का होईना सुधारली. रात्रीचं जेवण झाल्यावर आई पुन्हा शतपावलीला जाते, मला तेवढं पुरे.

गोदाकाठची

तुमच्या आईचा मुद्दा खोडणार नाही. बायकांना रात्री रस्ता मोकळा मिळाला तर मला नकोय का? पण लंगडत हात जोडायला लावलेला माणूस दोषी आहे हे अजून कोर्टाने सांगितलेलं नसतं. आज टाळ्या वाजवतोय, कारण आत आपला कोणी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवा असा आदेश दिला. आपल्या दुकानांचे कॅमेरे त्यांना दाखवायचे, मग त्यांचे चालू आहेत का, हे त्याच बैठकीत आपण विचारायचं की नाही?

दहीपूलकर

विचारायचंच. एकतर्फी साथ मलाही नकोय.

मात्र राईनपाड्याचं उदाहरण मी उलट वाचतो. त्याच दिवशी मालेगावातही याच अफवेवरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं, ते पोलिसांनी सोडवलं. जिथे लोकांची आणि पोलिसांची ओळखच नसते, तिथे अफवेला रान मोकळं मिळतं. बीटवरच्या माणसाचा नंबर दहा जणांकडे असेल तर पहिला फोन त्याला जातो, ग्रुपवर नाही.

रंगपंचमीच्या रहाडी बघा. शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा. पेशवेकाळापासूनचे हौद, आत धप्पा मारायला शेकडो पोरं. कोणाला कधी सोडायचं, बायकांसाठी वेळ कधी, दारू प्यायलेल्याला कुठे अडवायचं, हे सगळं तिथली माणसं बघतात. पोलीस बाहेर असतात. विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते तेव्हाही दोरी कार्यकर्त्यांच्याच हातात असते. वर्षातून दोनदा जमतं ते एरवी का जमू नये?

शटर_अर्धं

कारण सणाला समोर कोणी कोयतेवाला नसतो, दहीपूलकर. दोरी धरणं आणि नाव सांगणं यात फरक आहे.

तारीख_पे_तारीख

म्हणून तर नावं सांगायचीच नाहीत. दिवे, कॅमेरे, पडके वाडे, तुंबणारे कोपरे, एवढ्यावरच बोला. हे तर महापालिकेचंही काम आहे, त्यांचा माणूसही बोलवा. आणि चोर हातात सापडला तर मारू नका. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो, पण विनाकारण वेळ न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांकडे द्यावं लागतं. खांबाला बांधून व्हिडिओ काढलात तर तुम्हीच आरोपी.

गोदाकाठची

मग माझ्या दोन अटी. बैठकीत काय ठरलं ते चौकातल्या फळ्यावर लिहायचं, तारखेसह. आणि बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या मावश्यांपैकी दोघी तरी समितीत हव्यात. भल्या पहाटे आणि रात्री उशिरा घाटावर त्याच असतात, तुम्ही नाही. नावांची यादी निघाली तर मी उठून जाणार, आधीच सांगते.

पंचवटी_एक्सप्रेस

एवढ्या अटी घातल्यावर पोलीस येतील का?

दहीपूलकर

नाही आले तर फळ्यावर तेही लिहू.

शटर_अर्धं

बैठक रात्री साडेनऊच्या पुढे ठेवा, त्याआधी आमची शटर पडत नाहीत. आणि वकीलसाहेब, त्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा नमुना मराठीत असेल तर आणा. सही करायची की नाही ते वाचून ठरवतो.